मैलकुलीचं नाव

टक्.

टीव्हीखालच्या स्टॅबिलायझरनं एवढंच केलं आणि दुपारपासून मुकं बसलेलं घर जागं झालं. लाईट आली होती. ओसरीतला पंखा खरखरत फिरायला लागला. सात वर्षांची कौसल्या "आली, आली" करत शेजारीपाजारी सांगायला पळाली. तिची आई शिवकन्या मात्र पिठाच्या परातीत हात तसेच ठेवून बसून राहिली. दुपारभर तिनं देवाला एकच मागणं घातलं होतं, की आज लाईट येऊ नये.

एरवी राजूरची लाईट कोणाच्या बापाचं ऐकत नसे. लग्न असो की अंगारकी, जायची तेव्हा जायचीच. आज साडेपाचला 'चौकस' लागायचं होतं, आणि आज ती साडेचारलाच येऊन बसली.

'चौकस' हा टीव्हीवरचा प्रश्नांचा कार्यक्रम. दर शनिवारी अर्धा तास, चार माणसं, एक घंटा, आणि सगळ्यात शेवटी साहित्यावरचा एक प्रश्न. पोस्टकार्डावर दहा उत्तरं लिहून पाठवायची, ती जमली तर बोलावणं यायचं. शिवकन्येनं कार्ड टाकलं ते गंमत म्हणून. लेक निजल्यावर, भांडी पालथी घातल्यावर जे काही वाचून होत होतं, ते कुठं लागतंय का बघावं, एवढंच. खरंच बोलावणं आलं तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड बोललं नाही. शेवटी सासऱ्यांनी तंबाखू मळता मळता निकाल दिला.

"जाऊ द्या तिला. गावातून कोण गेलंय आजवर? शिवाजी, तू सोबत जा. दोन दिवस दुकान बंद राह्यलं तर मोटारी काय पळून चालल्या न्हाईत."

शिवाजी म्हणजे शिवकन्येचा नवरा. देवळाच्या रस्त्याला त्याचं विहिरींच्या जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. सासऱ्यांना सगळं गाव बापू म्हणायचं.

मुंबईला जाऊन आल्याला आता तीन आठवडे झाले होते. शूटिंगच्या खोलीत सोबतच्या माणसांना घेत नव्हते, म्हणून शिवाजी बाहेर कॅन्टीनच्या बाकावर बसून होता. ती बाहेर आली आणि म्हणाली, "दुसरी आले. शेवटचं उत्तर येळेत आलं न्हाई." त्याला सांगितलं ते एवढंच, आणि घरी सांगितलं तेही एवढंच. उत्तर का आलं नाही, हे तिनं पोटात ठेवलं होतं. आज ते सगळ्यांना दिसणार होतं.

लोक हसतील याचं तिला फारसं काही नव्हतं. हसणं दोन दिवसांत शिळं होतं. धास्ती होती ती बापूंची.

बापूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याचं जालन्याच्या शिबिरात ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला, माणसं ओळखू यायला लागली. पण छापलेली अक्षरं काही जागेवर थांबेनात. निजामाच्या राज्यात ते उर्दूतून चौथी शिकलेले. मराठी वाचायला नंतर आपलं आपण शिकले आणि मग त्याचाच नाद लागला. तो नाद डोळ्यांबरोबर गेला. तेव्हापासून दुपारी जेवणं उरकली की शिवकन्या त्यांना पेपर वाचून दाखवायची. पेपर संपला की पुस्तक. भोकरदनच्या वाचनालयातून शिवाजी आणून द्यायचा, हाताला लागेल ते. सासूबाई म्हणायच्या, "झाली का शाळा सुरू?" पण चहा त्याच वेळेला टाकायच्या. आठ वर्षांच्या नांदण्यात शिवकन्येला त्या तासाइतका आपला वाटेल असा दुसरा तास मिळाला नव्हता.

हिवाळ्यात शिवाजीनं 'सातवा मैल' नावाची कादंबरी आणली. पुठ्ठा उसवलेला, लेखकाचं नाव कोणी फारसं ऐकलेलं नाही. गोष्ट एका मैलकुलीची, म्हणजे ठरलेले काही मैल रस्त्याची राखण करणाऱ्या, खड्डे बुजवणाऱ्या सरकारी मजुराची. हा गडी कोणाचा हुकूम नसताना रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कडुनिंबाची झाडं लावतो. खांद्यावर घागर वाहून त्यांना पाणी घालतो. दूर बदली झाली तरी चालत येऊन झाडं बघून जातो.

आणि या मैलकुलीचं नाव अगदी तेच होतं, जे बापूंचं.

पहिल्याच पानावर शिवकन्येची जीभ अडली. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. ती सासऱ्यांना मामा म्हणायची. गावात त्याच नावाचे एक किराणावाले होते, त्यांना ती 'मामांच्या नावाचे दुकानवाले' म्हणायची. रेशनच्या रांगेत कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं की तोंडानं न बोलता कार्ड पुढं सरकवायची. आठ वर्षांत ती चार अक्षरं तिच्या तोंडून एकदाही बाहेर पडली नव्हती, एकटी असतानासुद्धा नाही. आता खुद्द त्यांच्यापुढं मांडी घालून, अरे-तुरे करत, तेच नाव वाचायचं? तिनं ते गाळलं. जिथं नाव तिथं 'तो', नाहीतर 'मैलकुली'. वाक्यं जरा लंगडायची, पण चालायची.

तिसऱ्या दिवशी बापूंनी विचारलं, "ह्या गड्याला नाव न्हाई का गं?"

"न्हाई मामा. लेखकानं दिलंच न्हाई."

बोलून गेली. बापू भिंतीला टेकले आणि म्हणाले, "बराबर केलं त्यानं. नाव दिलं की माणूस एका घरचा होतो. बिननावाचा माणूस समद्यांचा."

हा विचार त्यांना इतका आवडला, की ते पारावर, देवळाच्या पायरीवर, एसटीच्या थांब्यावर ज्याला त्याला सांगत सुटले. "एक पुस्तक हाय. त्यातल्या मुख्य माणसाला नावच न्हाई. माझ्या सुनेनं वाचून दाखवलं." ऐकलं की शिवकन्येला कुठं तोंड लपवावं कळायचं नाही. चार वेळा तिनं खरं सांगायचं ठरवलं, चारही वेळा बापू आधीच बोलायला लागले. पुस्तक अजून घरातच होतं. शिवाजीनं दोनदा मुदत वाढवून आणली होती, कारण बापूंना ते पुन्हा ऐकायचं होतं.

आणि 'चौकस'मधला तो शेवटचा प्रश्न नेमका त्या मैलकुलीचाच निघाला होता.

*

पाचपासूनच ओसरी भरायला लागली. शेजारची बेबीनंदा दोन पोरं घेऊन आली. गल्लीतली म्हातारी झुंबरबाई आली ती टीव्हीच्या पुढ्यातच बसली, कारण तिला लांबचं दिसत नव्हतं आणि ऐकायलाही कमी यायचं. शिवाजीच्या दुकानाशेजारचा पंक्चरवाला कचरू दारात उभा राहिला. सासूबाईंनी, म्हणजे द्वारकाबाईंनी, नवं लुगडं नेसलं होतं आणि कोणी त्याबद्दल काही बोललं की त्या "हे जुनंच हाय" म्हणत होत्या. बापूंची खुर्ची मधोमध होती.

"शिवकन्या, ये न इकडं बस," बेबीनंदा म्हणाली.

"भाकरी व्हायच्यात."

"आज टीव्हीवाली बाई भाकरी करून राह्यली," कचरू म्हणाला, "उद्या आमच्याशी बोलती का न्हाई काय म्हाईत."

ती चुलीजवळून उठून दाराच्या चौकटीला टेकली. तिथून पडदा दिसत होता आणि बापूंची पाठही.

कार्यक्रम लागला. कोट घातलेले सूत्रसंचालक गोड हसले आणि नावं सांगायला लागले. "भोकरदन तालुक्यातल्या राजूरहून आलेल्या..." म्हटल्याबरोबर ओसरीत अशी गडबड उडाली, की पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही.

"पदर बघा हिचा," झुंबरबाई म्हणाली. "एवढ्या उजेडात बसली, पण डोक्यावरून ढळला न्हाई."

"वहिनी, तुम्ही गोऱ्या दिसून राह्यल्या की," कचरू म्हणाला.

"गप रे," बापू म्हणाले. "प्रश्न ऐकू दे."

पडद्यावरची शिवकन्या आधी चाचरत होती, मग सुटली. नद्यांचा प्रश्न तिनं सोडवला, कापसावरच्या किडीचा सोडवला, आभाळातल्या नक्षत्रांचा सोडवला. दर उत्तराला बापू मांडीवर हलकेच थाप मारत होते. दोघं जण मागं पडले. उरले नाशिकचे एक इंजिनियर आणि ती, दोघांचे गुण सारखे.

"आणि आता," सूत्रसंचालक म्हणाले, "आपला शेवटचा प्रश्न. साहित्याचा. 'सातवा मैल' या कादंबरीत रस्त्याच्या कडेनं कडुनिंबाची झाडं लावणारा एक मैलकुली आहे. त्याचं नाव काय?"

ओसरीत बापू खुर्चीत पुढं सरकले. "काय खुळा प्रश्न हाय," ते म्हणाले. "त्याला नाव कुठंय?"

पडद्यावर शिवकन्येच्या पुढचा दिवा लागला. घंटी तिनंच आधी दाबली होती.

"बोला, शिवकन्याताई."

पडद्यावर तिचे ओठ हलले आणि थांबले. मग ती म्हणाली, "आमच्या मामांच्या नावाचाच हाय तो."

टीव्हीतले लोक हसले. ओसरीतलेही हसले, पण जरा मागून.

"मग मामांचं नाव सांगा की."

"मामा म्हंजे सासरे."

"बरं, सासऱ्यांचं नाव सांगा. दहा सेकंद आहेत तुमच्याकडे."

"आमच्यात घेत न्हाईत," पडद्यावरची शिवकन्या म्हणाली आणि खाली बघायला लागली. घड्याळ टकटकत राहिलं. सूत्रसंचालक बिचारे भले होते. त्यांनी "लिहून दाखवता का?" असंसुद्धा विचारलं; पण तोवर घंटा झाली.

"वेळ संपली. उत्तर आहे, पुंजाराम."

ते नाव ओसरीत मोठ्यानं आलं, कारण झुंबरबाईसाठी आवाज वाढवलेला होता.

मग सगळे एकदम बोलायला लागले. बेबीनंदा पदर तोंडाला लावून हसत होती. "अगं बाई, 'आमच्या मामांच्या नावाचा' म्हणं." झुंबरबाई म्हणाली, "हसतीस काय? सुनंनं मान राखला. अशा सुना आता दिवा घेऊन शोधाव्या लागतेत." द्वारकाबाई म्हणाल्या, "मान राखला ते ठीक, पण नंबर गेला न. एकडाव घेतलं असतं नाव तर काय आभाळ कोसळलं असतं?" आणि मग स्वतःच, जरा हळू, "म्हंजे मी घेत न्हाई ती गोष्ट येगळी." शिवाजीनं वळून चौकटीकडं पाहिलं, आणि तिला कळलं, की कॅन्टीनच्या बाकापासून तुंबलेला त्याचा प्रश्न आता सुटला होता.

मान राखला, हे शब्द तिला सगळ्यात जास्त टोचले. तिनं मान-बिन काही राखला नव्हता. त्या दिव्याखाली तिनं खरोखर तोंड उघडलं होतं. जीभ आपली आपण मागं सरली, कढत भांड्यावरून हात सरतो तशी.

कचरूला मात्र वेगळंच सुचलं. "बापू," तो दारातून म्हणाला, "तुम्ही तर साऱ्या गावाला सांगत होता, त्या गड्याला नावच न्हाई म्हणून. वहिनींनीच वाचून दाखवलं म्हणून."

शिवकन्येनं चौकट घट्ट धरली. हेच ते. तीन आठवडे ती ह्याच एका वाक्याला भीत होती. आता बापू मान वळवून विचारतील. मग सगळ्यांपुढं सांगावं लागेल, की मामा, मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं. आणि ज्याला अक्षर दिसत नाही, त्याला एकदा खोटं वाचून दाखवलं, की तो पुन्हा कशाला ऐकायला बसेल?

बापूंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला.

"तिनं बराबरच वाचलं असंल," ते म्हणाले. "माझ्याच ध्यानात राह्यलं न्हाई. म्हातारपण हाय, कचरू. तुलाबी येईल."

आणि ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. टीव्हीत नाशिकच्या इंजिनियरांना पुष्पगुच्छ मिळत होता, पण तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पेपर आला तसा घडी न मोडता पडून राहिला. जेवणं झाली. शिवाजी बाजूच्या खोलीत आडवा झाला. द्वारकाबाईंनी विचारलं नाही, की झाली का शाळा सुरू. शिवकन्येनं दोन-तीनदा ओसरीत फेरी मारली, उगीच सतरंजी झटकली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. बापू भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते. त्यांचा अंगठा तंबाखूच्या डबीवर फिरत होता.

ती जाऊन समोर बसली.

"मामा, पेपर वाचू का?"

"राहू दे पेपर."

ती बसून राहिली.

"अजून काय काय गाळलं?" बापूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. जमिनीचा सातबारा वाचून घेताना तलाठ्याला विचारावं तसं विचारलं.

"काहीच न्हाई. तेवढंच."

"बराबर?"

"बिलकुल. तेवढं एक नावच. समोर तुमी बसलेले, अन् त्यात 'अरे पुं...'" ती थांबली. "त्यात अरे-तुरे होतं. मला जमलं न्हाई."

"अन् ते शेवटी त्याला साहेब शिव्या देतो, तेबी नावानंच?"

"हो."

"अन् त्याची माय मरायच्या वक्ती त्याला हाक मारती, तेबी?"

शिवकन्येनं मान हलवली. मग त्यांना ते दिसलं नसेल असं वाटून म्हणाली, "हो मामा. तिथं तर तीनदा हाय."

बापूंनी डबी खाली ठेवली.

"पुस्तक आण. तेवढंच पान वाच. नावासगट."

तिनं फडताळातून पुस्तक आणलं. पान तिला शोधावं लागलं नाही. तिथं कडेला तिच्याच अंगठ्याचा पिठाचा ठसा होता. ती वाचायला लागली.

"'म्हातारीला आता कोणी ओळखू येत नव्हतं. सुनेनं तोंडात पाणी सोडलं, ते गालावरून ओघळून गेलं. तेवढ्यात दारात पायतणं वाजली. म्हातारीनं डोळे न उघडताच हाक मारली...'"

ती थांबली.

"वाच," बापू म्हणाले.

"मामा."

"मी सांगून राह्यलो न. मला वाईट वाटणार न्हाई. वाच."

तिनं श्वास घेतला. पहिलं अक्षर ओठांवर आणलं. ते तिथंच राहिलं. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईच्या दिव्यांखाली जे झालं होतं ते इथं, आपल्या घरात, सांगणाराच सांगत असताना झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लाजेचं होतं की रागाचं, हे तिला समजेना.

"न्हाई होत," ती म्हणाली.

कौसल्या मधेच कधीतरी येऊन आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून पुस्तकात बघत होती. दुसरीत होती. जोडाक्षरं अजून तिच्या दाताखाली खड्यासारखी यायची, पण हा शब्द सोपा होता. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि शाळेत म्हणतात तसं सूर लावून वाचलं.

"पुं-जा-रा-म."

पंखा फिरत होता. बापू हलले नाहीत.

"परत म्हण," ते म्हणाले.

"पुंजाराम," कौसल्या म्हणाली. या वेळी सलग.

"पुढं?"

शिवकन्येनं पुढं वाचलं. "'...तू आला का रं?' म्हातारी म्हणाली. 'झाडं सोडून कामून आला?'" पुढच्या ओळीला नाव आलं. ती थांबली, आणि कौसल्येचं बोट आपसूक तिथं येऊन टेकलं.

"पुंजाराम."

"'पाय धुऊन घे. किती चालला असशील.'"

अशी त्यांची रीत बसली. आई वाचायची, नावापाशी जरा दम घ्यायची, लेक तेवढा एक शब्द टाकायची, आणि वाक्य पुढं जायचं. तीन वेळा झालं तसं. वाक्यं आता लंगडत नव्हती. बाजूच्या खोलीतलं शिवाजीचं घोरणं थांबलं होतं. द्वारकाबाई आत चहा टाकायला गेल्या होत्या, पण भांड्याचा आवाज येत नव्हता. त्या दाराआड उभं राहून ऐकत असाव्यात.

पान संपलं. बापूंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. त्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायचा.

"नावाचं मी जे म्हणत होतो ते चुकीचं होतं," ते म्हणाले. कोणाला, ते कळलं नाही. मग जरा वेळानं, "उद्यापासून पहिल्या पानापासून घ्या. दोघी बसा."

उद्या दुपारी शिवकन्या इथंच बसणार होती. तिनं पान मिटलं. उठावं, चहाला आधण टाकावं, कालच्या भाकरीचा चुरा कोंबड्यांना घालावा, असं काहीबाही तिच्या मनात यायला लागलं.

कौसल्या मात्र पुस्तकाकडं नाही, बापूंकडं बघत होती. तिच्या डोक्यात काहीतरी मोजणं चाललं होतं. बोटं हलत होती.

"आई," ती म्हणाली, "तू मामा म्हणतीस. आजी 'अहो, ऐकलं का' म्हणती. पप्पा बापू म्हणतेत, मी बापू म्हणते, कचरूकाका बी बापू म्हणतो."

"हो. मंग?"

"मंग ह्या नावानं त्यांना कोण हाक मारतं?"